दोष त्या मुलीचा नव्हे

आपल्या घरांतील मुली परिचारिका होऊन येथील नर्सिंग होममध्ये रुजू होतात आणि महिन्याभरात रडकुंडीला येतात. ‘सहन कर, सवय होईल,’ असे आपण वडीलधारे सांगतो. हा सल्ला आम्हांस मान्य नाही. एका पाळीत तीस वृद्ध, प्रत्येकाच्या आठ-दहा गोळ्या; एकास औषध देत असता दुसरा पलंगावरून पडतो. हे अनुभवी बाईलाही झेपणारे नव्हे! अमेरिकन केंद्र सरकारने २०२४ मध्ये प्रत्येक रहिवाशामागे दररोज किमान ३.४८ तास शुश्रूषेचा नियम जाहीर केला. २०२५ मध्ये टेक्सासमधील न्यायालयाने तो रद्द ठरविला. तेव्हा नोकरी स्वीकारण्यापूर्वीच विचारावे : रात्रपाळीत एका परिचारिकेमागे वृद्ध किती? अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली किती दिवस मिळणार? उत्तरे लेखी घ्यावीत. तोंडी आश्वासने पहिल्याच आठवड्यात विरतात, हे आम्ही आपल्याच घरांत पाहिले आहे.