खुंटलेली वाढ, खुंटलेले धोरण

सातारा-सांगलीच्या खेड्यांत एखादे मूल वर्गसोबत्यांच्या खांद्यालाच पोचू लागले की, 'घराण्यातच उंची नाही' असे म्हणून विषय संपविला जातो. सुखवस्तू घरातील मूल मात्र पुण्यातील तज्ज्ञाकडे नेले जाते. नशिबाच्या नावावर खपविली जाणारी ही विषमता व्यवस्थेने निर्माण केलेली आहे.

मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी वाढीचे संप्रेरक, मुख्यतः गाढ झोपेत, रक्तात सोडते. त्याच्या प्रेरणेने यकृतात आणखी एक द्रव्य तयार होते आणि हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा वाढते. संप्रेरक कमी पडले तर उंची खुंटते. बालपणी ते अति झाले तर देह अवाढव्य होतो. कमतरतेवर औषध आहे. १९८५ पूर्वी ते मृतांच्या ग्रंथींतून काढीत. आता ते प्रयोगशाळेच्या तंत्राने बनते. परंतु त्याची सुई बहुधा रोज, वर्षानुवर्षे टोचावी लागते, आणि तारुण्यात कूर्चा मिटल्यावर उंचीसाठी तिचा उपयोग उरत नाही. येथे उशीर म्हणजेच नकार.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात या कमतरतेचा समावेश आहे. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख रुपये झाली. पण मदत मिळते ती नेमलेल्या केंद्रांतून, आणि या जिल्ह्यांना जवळचे केंद्र म्हणजे मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय! जत वा माणच्या शेतमजुराने किती दिवसांची मजुरी बुडवून तेथे खेटे घालावेत?

कोणी म्हणेल, बहुसंख्य मुले खुजी राहतात ती उपासमारीने. मग दुर्मीळ आजाराचे एवढे कौतुक कशाला? आक्षेपाचा पहिला भाग खराच आहे. उपाशी देहात संप्रेरक असूनही यकृत त्याला दाद देत नाही. त्या मुलाला सुई नव्हे, अन्न हवे. पण दोन्ही मुले हेरण्याची पहिली खूण एकच: दरवर्षी मोजलेली उंची. शाळकरी मूल वर्षाला चार सेंटिमीटरही वाढत नसेल तर तपासणी हवीच. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत वर्षातून एकदा तपासणी ठरलेली आहे. परंतु गळीत हंगामात बीडहून कृष्णाकाठच्या फडावर येणाऱ्या ऊसतोड मजुराच्या मुलाची मागील नोंद कोणाच्या दप्तरी सापडणार?

म्हणून मागणी साधी आहे. उंचीची नोंद मुलाबरोबर फिरली पाहिजे. तपासणी व औषध मिरज आणि साताऱ्याच्या शासकीय रुग्णालयांत मिळाले पाहिजे. याच मुलखात १९४३ नंतर प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे उभी केली, तीही परक्या सत्तेच्या बंदुकांसमोर. स्वतंत्र देशाच्या सरकारला एक औषध जिल्ह्यापर्यंत आणता येऊ नये? कार्यकर्त्यांनी हा प्रश्न ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत विचारलाच पाहिजे.