विश्लेषण : सातपुड्यातल्या माणसाला व्हॉट्सॲपकडून काय हवे?

स्टेटस झाले, चॅनेल झाले, रील्स तर बघून संपत नाहीत. सोशल मीडिया कंपन्या नवे काही ना काही देतच असतात. नंदुरबार जिल्ह्यात मात्र खरी गरज भागवते ते एक जुनेच बटण : माइकचे.

२०११च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सर्वांत कमी. सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. घरात भिली, पावरी, मावची, नाहीतर अहिराणी, गुजरी. कीबोर्ड मराठी नाहीतर इंग्रजी. जी भाषा शाळेत कधी लिहिलीच नाही, ती टाइप कशी करायची? त्यामुळे मजुरीला गुजरातेत गेलेला बाप पोरांची खुशाली विचारतो ती बोलूनच.

रेंज नसेल तर?

फोन कॉलला दोन्ही टोकांना एकाच वेळी रेंज लागते. अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ती मिळेलच असे नाही. व्हॉइस मेसेज आधी फोनमध्येच रेकॉर्ड होतो, टेकडीवर रेंज सापडली की निघतो आणि समोरचा फोन नेटवर्कमध्ये आला की उतरतो. शहरात लांबलचक व्हॉइस मेसेजला लोक वैतागतात, तो भाग वेगळा.

मग अडचण कुठे आहे?

१ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. २०२० मध्ये, खूप फिरलेल्या मेसेजसाठी ती एका चॅटवर आणली.

त्याने अफवेचा वेग कमी होतो. पण मेसेज ‘फॉरवर्डेड’ आहे ही खूण लिहिलेली असते. ज्याला वाचता येत नाही, त्याला फार तर एक बाण दिसतो. त्याचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसतो. एवढा मोठा धडा मिळूनही इशारा अजून मुकाच असावा, हे पटत नाही. कंपनीने तो बोलका करावा, निदान भिलीत तरी.

तोवर प्रशासनाने थांबू नये. अफवा उठली की मराठीतले पत्रक काढून भागणार नाही. गावच्या पोलीस पाटलाने किंवा आशाताईने पावरीत बोललेला अर्ध्या मिनिटाचा खुलासा त्याच ग्रुपवर, त्याच दिवशी पडायला हवा.