फौज पाठवण्याची कारणे न्यायालयाने तपासलीच पाहिजेत



शिकागो परिसरात नॅशनल गार्ड उतरवू देण्याची ट्रम्प सरकारची विनंती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ डिसेंबर २०२५ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी फेटाळली. राष्ट्राध्यक्ष हेच सरसेनापती. मग फौज कुठे पाठवायची यात न्यायाधीशांनी का पडावे, असा प्रश्न यावर विचारला जातो. माझे उत्तर स्पष्ट आहे : पडलेच पाहिजे.

नॅशनल गार्ड ही एरवी राज्याची फौज. पूर, वणवा, दंगल अशा प्रसंगी ती लोकनियुक्त गव्हर्नरच्या हुकमाने बाहेर पडते. सरकारने ज्या कलमावर भिस्त ठेवली, त्यानुसार तिचा ताबा घ्यायला राष्ट्राध्यक्षांपाशी तीनपैकी एक कारण हवे : परकीय आक्रमण, बंड, किंवा नियमित दलांच्या बळावर कायदा राबवणे अशक्य होणे. कायद्यानेच कारणे घालून दिली असतील, तर ती खरोखर घडली का, हे कोणीतरी तपासायला नको? पोर्टलंडमध्ये गार्ड पाठवण्यावरील खटल्यात न्यायाधीश कॅरिन इमरगट यांनी तेच केले. शहरातील प्रत्यक्ष स्थिती सरकारच्या दाव्याशी जुळत नाही, असे त्यांना आढळले. त्यांची नेमणूक ट्रम्प यांनीच केली होती, हे विसरू नये. कॅलिफोर्नियातील अशाच खटल्यात अपील न्यायालयाने जून २०२५मध्ये सरकारला तात्पुरता दिलासा दिला; मात्र राष्ट्राध्यक्षांचा निर्णय तपासताच येत नाही, हा दावा त्यानेही मानला नाही.

१९५७च्या लिटल रॉकचा दाखला हमखास पुढे केला जातो. तेव्हा गव्हर्नर फॉबस यांनी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेबाहेर रोखायला गार्ड उभे केले होते आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तेच गार्ड आपल्या ताब्यात घेतले. पण तिथे संघराज्याच्या न्यायालयाचा आदेश पायदळी तुडवला जात होता. तो अमलात आणण्यासाठी फौज आली. न्यायालयाला दूर ठेवण्यासाठी हा दाखला वापरणे म्हणजे इतिहास उलटा वाचणे होय.

तरीही डिसेंबरच्या आदेशावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. तो अंतरिम आहे आणि ‘नियमित दले’ म्हणजे बहुधा लष्करच, या अर्थावर उभा आहे. राष्ट्राध्यक्षांना देशात फौज उतरवू देणारा १८०७चा बंडविरोधी कायदा अजून तसाच मोकळा आहे. तैनातीची लेखी कारणे, ठरावीक मुदत आणि राज्याला तातडीने दाद मागण्याची सोय, एवढे तरी अमेरिकी काँग्रेसने त्यात घातले पाहिजे.

आपल्यालाही हा प्रश्न परका नाही. आणीबाणीत ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यांत सशस्त्र दले पाठवण्याचा अधिकार केंद्राला कलम २५७-अ द्वारे दिला. ४४व्या दुरुस्तीने ते कलम काढले, पण ४२व्या दुरुस्तीनेच केंद्र सूचीत घातलेली, अशा तैनातीबाबतची नोंद २-अ कायम राहिली. संकटाच्या नावाखाली घेतलेले अधिकार संकट सरले तरी पूर्णपणे परत येत नाहीत. म्हणूनच नागरिकांच्या रस्त्यावर बंदूकधारी उभा करणाऱ्या प्रत्येक सरकारकडे, ते कोणत्याही पक्षाचे असो, न्यायालयाने पुरावा मागितला पाहिजे. आणि तो मागणाऱ्या न्यायाधीशांच्या पाठीशी आपण उभे राहिले पाहिजे.

– एक वाचक, नाशिक