नाईलकाठची घाई

ज्या मंदिराचे बांधकाम इ. स. पूर्व २३७ मध्ये आरंभून पूर्णत्वास जाण्यास सुमारे १८० वर्षे लागली, ते एडफूचे होरस-मंदिर लक्झर-अस्वान जलप्रवासातील यात्रिकांना घोडागाडीतून नेऊन घाईघाईने दाखवावे आणि लागलीच नौकेवर परत आणावे, हा रिवाज मला सर्वथा अनुचित वाटतो. अस्वानच्या बाजाराचीही तीच गत. तेथे आपल्याकडील लाल अंबाडीचीच वाळलेली बोंडे, जी उकळून मिसरी लोक ‘करकदे’ नामक पेय करतात, ढिगांनी मांडलेली असतात, शेजारी खजूर, मसाले आणि न्युबियन टोपल्या. आणि विक्रेत्याशी चार शब्द बोलावे तोच परतण्याची ताकीद मिळते! फिले मंदिर तर धरणाच्या पाण्यातून वाचवण्यासाठी दगड दगड सोडवून दुसऱ्या बेटावर उभारले; इतक्या कष्टाने वाचवलेले तेही असेच घाईघाईने पाहायचे काय? वाचकहो, नौका ठरवण्यापूर्वी प्रत्येक थांब्याचे तास विचारा आणि अस्वानला एक रात्र अधिक राहा.