सवलत कोणाच्या दारी? घरबांधणी, आयकर आणि धाराशिव जिल्हा

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात केंद्रीय अर्थसंकल्प मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक चौकट हमखास असते: घर घेणाऱ्यांना काय मिळाले? पगारदार वाचक ती उत्सुकतेने वाचतो. परंतु धाराशिव जिल्ह्यातील लोहारा, भूम किंवा वाशी तालुक्यातील एखाद्या वस्तीवर उभे राहून ती वाचली, तर त्या चौकटीतील 'घर घेणारा' तेथे क्वचितच भेटतो. येथील बहुतेक कुटुंबे घर विकत घेत नाहीत, ती ते बांधतात. एका वर्षी जोते, दुसऱ्या वर्षी भिंती, आणि सोयाबीनने किंवा ऊसतोडीच्या उचलीने साथ दिली तर तिसऱ्या वर्षी छत. म्हणूनच शासनाची सवलत नेमकी कोणत्या दारापर्यंत पोहोचते, हा प्रश्न आपण भाविकांनी विचारला पाहिजे.

सवलतीचे गणित

स्वतःच्या राहत्या घरासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तिची वार्षिक मर्यादा २०१४ साली दीड लाखांवरून दोन लाख रुपये करण्यात आली. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना, ४५ लाखांपर्यंतच्या पहिल्या घराच्या बाबतीत, आणखी दीड लाखाची वजावट देण्यात आली.

वजावट म्हणजे तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वगळणे. तेव्हा तिचा लाभ करदात्याच्या दरावर अवलंबून असतो. जुन्या करप्रणालीत ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे दोन लाखांच्या वजावटीमुळे, अधिभार न धरता, ६० हजार रुपये वाचतात. २० टक्के दर असलेल्याचे ४० हजार वाचतात. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याला काहीच मिळत नाही. घराची गरज जितकी मोठी, तितकी सवलत लहान, असा हा उलटा क्रम आहे.

आता दुसरे गणित पाहू. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये अनुदान ठरविण्यात आले. त्याला शौचालयाचे १२ हजार रुपये आणि रोजगार हमीतून ९० दिवसांच्या मजुरीची जोड देण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी ५० हजार रुपयांची भर जाहीर केली. मूळ अनुदानाची रक्कम लक्षात घ्या. वरच्या दराचा करदाता केवळ दोन वर्षांत जेवढा कर वाचवतो, तेवढीच ती आहे. शेतमजुराला ती आयुष्यात एकदाच मिळते. तीही यादीत नाव, ग्रामसभेची मान्यता, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र आणि हप्त्यांची प्रतीक्षा यांनंतर. करदात्याच्या दारावर मात्र 'लाभार्थी' अशी पाटी कोणी लावत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. करदात्याचे पैसे त्याच्या कष्टाचे आहेत आणि सवलत म्हणजे त्याला काही देणे नव्हे, केवळ कमी घेणे होय. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. पण न घेतलेला कर हाही तिजोरीतून गेलेला पैसाच असतो. केंद्र सरकार स्वतः २००६-०७ पासून अर्थसंकल्पासोबत करसवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचे विवरण प्रसिद्ध करते. शिवाय गरीब माणूस कर भरत नाही, ही समजूतच चुकीची आहे. सिमेंटवर २०१७ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. लोखंडी सळईवरही १८ टक्के कर आहे. करापूर्वी ३०० रुपयांची सिमेंटची गोणी धरली, तर तिच्यावर पूर्वी ८४ रुपये कर पडत होता, आता ५४ रुपये पडतो. शंभर गोण्यांमागे तीन हजारांचा हा दिलासा बांधणाऱ्या प्रत्येकाला मिळाला, कोणताही अर्ज न करता. तरीही जो शासनाच्या मदतीने चार भिंती उभारतो, तो त्या मदतीतला काही भाग सळई-सिमेंटवरच्या करातून शासनालाच परत करतो. मंदिराच्या खजिन्यात दोन नाणी टाकणाऱ्या विधवेकडे प्रभू येशूने शिष्यांचे लक्ष वेधले होते. ही नाणी पाहण्यासाठी मात्र तिजोरीसमोर कोणी बसलेले नाही.

बदललेली करप्रणाली

आपल्या धर्मग्रामांतील शिक्षक, परिचारिका व इतर नोकरदारांनी एक बदल ध्यानात घ्यावा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास ती निवडावी लागते. नव्या प्रणालीत दर कमी आहेत, पण राहत्या घराच्या कर्जाचे व्याज व मुद्दल यांवरील वजावट नाही. २०२५-२६ पासून तीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर करच द्यावा लागत नाही. म्हणजे अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांना गृहकर्जाच्या वजावटीची आता गरज उरलेली नाही. 'कर वाचतो' एवढ्याच कारणासाठी मोठे कर्ज डोक्यावर घेण्यापूर्वी दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

करसवलतीपेक्षा थेट मदत न्याय्य असते, हे शासनानेही अंशतः मान्य केले आहे. शहरी भागासाठी २०१५ ते २०२२ या काळात कर्जाशी निगडित व्याज अनुदान देण्यात आले. सप्टेंबर २०२४ पासूनच्या नव्या टप्प्यात वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी, पाच हप्त्यांत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये मिळू शकतात. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब अशा नगरपालिकांच्या गावांना त्याचा उपयोग आहे. परंतु तेथेही पहिली पायरी बँकेचे कर्ज हीच आहे आणि बँक उत्पन्नाचा कागद मागते. हातगाडीवाल्याकडे, गवंड्याकडे किंवा मोलकरणीकडे उत्पन्न असते, कागद नसतो.

भूकंपाने दिलेला धडा

या जिल्ह्याने घर कोसळताना पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने लातूरसह तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो जीव घेतले. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर पडला. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५० हून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली. ते काम मोठे होते, याविषयी दुमत नाही. परंतु घराचे क्षेत्रफळ ठरले ते कुटुंबाच्या जमिनीवरून. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, त्याहून अधिक, पण सात हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला ४००, आणि त्यापुढच्याला ७५०. घरात माणसे किती, हा प्रश्न मागे पडला. आयकराच्या वजावटीतही तेच सूत्र दिसते. आधी जवळ काय आहे ते पाहायचे आणि त्या मापाने मदत द्यायची.

आपल्या कुटुंबांचा प्रश्न

यात आपल्या काही कुटुंबांची आणखी एक अडचण आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्यात रमाई आवास योजना आहे. परंतु १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो खुला झाला. दलित ख्रिस्ती अजूनही बाहेर आहेत. एकाच वस्तीत, एकाच प्रकारच्या झोपडीत राहणाऱ्या दोन भावांपैकी बाप्तिस्मा घेतलेल्याला ही योजना लागू होत नाही. पाऊस मात्र दोन्ही छपरांतून सारखाच गळतो.

तरीही दार पूर्ण बंद नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात राष्ट्रीय पातळीवर १५ टक्के निधी अल्पसंख्याकांसाठी राखण्याची तरतूद आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी दोन कोटी घरांना मंजुरी मिळाली आणि अपात्रतेचे निकष सैल झाले. दुचाकी असणे हे आता अपात्रतेचे कारण राहिले नाही आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार रुपये झाली. स्वतःची जागा नसणाऱ्यांना राज्याच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागाखरेदीसाठी साहाय्य मिळते. पूर्वी ५० हजार रुपये असलेली ही मर्यादा पुढे एक लाखापर्यंत वाढविण्यात आली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली निवाऱ्याची गणना माणसाला माणूस म्हणून जगण्यास आवश्यक असलेल्या गोष्टींत केली. १९८७ साली, बेघरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय वर्षात, न्याय व शांती विषयक परमधर्मपीठीय आयोगाने बेघरपण हा केवळ दुर्दैवाचा नव्हे, तर अन्यायाचा प्रश्न असल्याचे सांगितले. या शिकवणीची अंमलबजावणी दिल्लीतच व्हावी, असे नाही. धर्मग्रामातील चार सुशिक्षित तरुणांनी रविवारच्या मिस्सानंतर तासभर बसून जागेचा नमुना आठचा उतारा, आधार, बँकखाते आणि यादीतील नाव तपासून दिले, तरी पुष्कळ काम होईल. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी हे काम दिवाळीपूर्वीच व्हायला हवे. एकदा बिऱ्हाड कारखान्याच्या फडावर गेले, की पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याला बंद दार दिसते आणि हप्ता अडकतो.

आणि ज्यांचा आयकर वाचला आहे, त्यांनी वाचलेल्या रकमेतला एक वाटा गावातील एखाद्या अर्धवट भिंतीला दिला, तर शासनाने चुकलेले माप काही अंशी आपणच दुरुस्त केले असे होईल. बेथलेहेमच्या धर्मशाळेत जागा नव्हती, हे आपण दर नाताळला वाचतो. आपल्या गावात ती आहे का, हे नाताळपूर्वी पाहता येईल.