नदी आमची, पूल कोणाचा?

भीमेच्या या कांठीं शिरूर, त्या कांठीं दौंड. शिरूरकडच्या माणसाला आगगाडी पकडावयाची तर न्हावऱ्यावरून निघून पारगांवापाशीं भीमा ओलांडून केडगांव गांठावें लागतें. लेकी या कांठच्या त्या कांठीं दिलेल्या, शेत एकीकडे, बाजार दुसरीकडे. पण मोठे पूल मोजकेच. मधल्या गांवांचीं पोरें, दूधवाले, मजूर बंधाऱ्याच्या भिंतीवरून जातात.

माझ्या शाळेंतील कांहीं मुलें अशाच एका बंधाऱ्यावरून येतात. कठडा तुटला म्हणून मीं अर्ज केला. पहिल्या कचेरीनें सांगितलें, बंधारा पाणी अडविण्यासाठीं आहे, माणसें चालविण्यासाठीं नाहीं. दुसरी म्हणाली, आमचा रस्ता कांठापर्यंतच. तिसरीनें ठराव मागितला. ठराव दिला, तेव्हां पैसा नाहीं असें कळलें. तीन कचेऱ्या, तीन उत्तरें, आणि कठडा तुटलेला तो तुटलेलाच. पावसाळ्यांत त्या मुलांची गैरहजेरी मांडतांना माझा हात थबकतो. गैरहजर कोण, मूल कीं सरकार?

यावर शहाणे म्हणतात, सारे पूल, साऱ्या तरी एका सरकारी खात्याकडे द्या, म्हणजे घोळ मिटेल. बंधुहो, हें औषध नवें नाहीं. पूर्वीं गांवचा कोळी नाव लावी आणि सुगीला खळ्यावरून बलुतें नेई. नाव फुटकी निघाली तर गांव त्याला चावडीवर जाब विचारी. १८६८ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील सार्वजनिक तरी सरकारच्या ताब्यांत आल्या. मग मक्ते आले. मक्तेदाराला जाब विचारावयाचा तर कलेक्टराची पायरी चढणें आलें. तरींचें आणि टोलनाक्यांचें उत्पन्न लोकलफंडांत पडूं लागलें. शिवाय शेतकऱ्याच्या साऱ्यावर रुपयामागें एक आणा पट्टी होतीच. तिचा तिसरा हिस्सा शाळांसाठीं, बाकीचा रस्ते व इतर कामांसाठीं. ही पट्टी देणाऱ्याच्या पदरीं काय पडतें, हा प्रश्न जोतीरावांच्या काळापासूनचा आहे. आज दीडशें वर्षांनीं तोच प्रश्न बंधाऱ्यावर उभा राहून विचारावा लागतो!

एक खातें आलें म्हणजे पूल पडत नाहीं काय? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानींतला पूल वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्या उतारूंसह पुरांत गेल्या. तो कांहीं ओसाड गांवचा पूल नव्हता. मुंबई-गोव्याच्या राजमार्गावरचा होता. आतां आपल्या जिल्ह्यांत पाहा. १५ जून २०२५ रोजीं मावळांत कुंडमळा येथें इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चार माणसें गेलीं. पूल धोक्याचा आहे हें आधींच ठाऊक होतें. त्याच्या आदल्या वर्षीं, २१ मे २०२४ रोजीं, उजनीच्या पाण्यांत कुगांवाहून कळाशीकडे निघालेली होडी वाऱ्यांत उलटली आणि सहा जणांस जलसमाधि मिळाली. धरण सरकारचें, पाणी सरकारचें. बुडावयाचें तेवढें रयतेनें!

म्हणून मी म्हणतों, प्रश्न खातीं किती हा नव्हे. जाब कोणी द्यावा आणि कोणाला द्यावा, हा आहे. पूर्वीं देव आणि माणूस यांच्यामध्यें पोथीवाला बसला होता; सत्यशोधकांनीं त्याला उठविलें. आज सरकार आणि रयत यांच्यामध्यें फाईलवाला बसला आहे. तो कोणत्या जातीचा, हें विचारण्याचेंही कारण उरलें नाहीं. आपल्यांतलेच शिकून तेथें बसले, आपल्यांतलेच निवडून वर गेले आणि गादी ऊबदार लागतांच आपल्याच बापाला अर्जाचा नमुना शिकवूं लागले. हें दुखणें परक्याचें नाहीं, घरचें आहे. म्हणून जास्त बोंचतें.

राज्यघटनेंत पाहा. राज्यांच्या यादींत १३ व्या नोंदींत रस्ते, पूल आणि तरी आहेत. १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीनें पंचायतींसाठीं अकरावें परिशिष्ट जोडलें. त्यांतही १३ व्याच नोंदींत रस्ते, मोऱ्या, पूल आणि तरी आहेत. म्हणजे घटनेनें हा विषय पंचायतीच्या ओटींत घालण्याची वाट करून ठेविली. पण अधिकार देणें न देणें विधिमंडळाच्या मर्जीवर राहिलें. राज्याचे तेरा, पंचायतीचे तेरा, आणि आमचे तीनतेरा!

मी आंधळा गांवाभिमानी नाहीं. खांबाचा पाया खचला कीं नाहीं, हें सरपंचाला कळत नाहीं आणि मास्तरालाही कळत नाहीं. त्यासाठीं इंजिनियर पाहिजे, आणि कोटींचा खर्च पंचायत कोठून आणणार? तेव्हां विद्या आणि पैसा सरकारनें अवश्य एकत्र करावा. परंतु तपासणीचा कागद गांवाचा असावा. प्रत्येक पूल, बंधारा आणि उताऱ्यावर पाटी लागावी: मालक कोण, शेवटची तपासणी केव्हां, भार किती. दर पावसाळ्यापूर्वीं तो अहवाल ग्रामसभेंत मराठींत मोठ्यानें वाचावा. धोक्याचा पूल बंद करण्याचा हक्क ग्रामसभेला असावा, आणि बंद केल्या दिवसापासून दुसरी सोय करणें सरकारवर बंधनकारक असावें. नाहीं तर नुसती पाटी लावून हात झटकण्याचा धंदा चालूच राहील. आणि जेथें होडी चालते तेथें नावाड्याला परवाना व उतारूंना तरंगतें जाकीट कांठावरच मिळावें. त्यासाठीं त्याला जिल्ह्याच्या गांवीं खेटे घालावयास लावूं नये.

शिरूर-दौंडच्या बंधूंनो, येत्या ग्रामसभेंत एवढा एकच सवाल टाका: आमच्या पोरांच्या पायाखालची भिंत कोणाची? उत्तर लेखी घ्या, खालीं सही घ्या. सही करावयास कोणी पुढें आला नाहीं, तर तेंच तुमचें उत्तर समजा आणि पुढच्या मतदानापर्यंत तें विसरूं नका.