आळस कीं आजार?

गेल्या वर्षीं येथें पुसदला आमच्या धाकट्या सूनबाई मंदावल्या. अंग जड, थंडी सोसेना, केस गळूं लागले. मास्तरकीच्या संवयीनें मीं त्यांना आळसावर दोन सुभाषितें ऐकविलीं. पुढें रक्त तपासलें, तेव्हां कंठांतील थायरॉईड ग्रंथीचा स्राव उणा पडल्याचें कळलें, आणि मी ओशाळलों!

सुश्रुतसंहितेंत गलगंड वर्णिला आहे. परंतु गळा न सुजतांही ही ग्रंथि मंदावते. प्रौढास रोज लागणारें १५० मायक्रोग्रॅम आयोडिन मिठांतून मिळतें. तथापि शरीराची प्रतिकारशक्तिच ग्रंथीवर उलटली, तर मिठानें भागत नाहीं, डॉक्टरांची गोळी नित्य घ्यावी लागते. गर्भिणीनें तर हयगय करूंच नये. गर्भाच्या मेंदूची वाढ या स्रावावर अवलंबून असते.

वाचकहो, घरांतील कोणास आळशी म्हणण्यापूर्वीं एकदां रक्त तपासून घ्यावें.